न पाहिलेला चेहरा

राखेचा बुधवार झाला, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला, की जबलपूरचं ऊन बदलतं. सकाळी शाळेत जाताना अंगावर शाल लागायची आणि शाळा सुटताना डोक्यावर पदर घ्यावा लागायचा, असे हे दिवस. आता मी निवृत्त आहे, उन्हातून धावतपळत कुठं जायचं नसतं, तरी शरीराला ते दिवस बरोबर कळतात. बोर्डाच्या परीक्षा चालू असतात, म्हणून लाउडस्पीकर लवकर बंद होतात. गल्लीतल्या झाडांची पानं दिवसभर गळत राहतात आणि सकाळी झाडून लावलेला ढीग दुपारचा वारा पुन्हा पसरून टाकतो. चर्चमध्ये वेदीवर जांभळं कापड येतं. आवाराच्या मागच्या भिंतीला लागून मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली पहाटेपासून फुलं पडायला लागतात. फिकट, मेणासारखी, रसानं फुगलेली. इथं सगळे त्याला महुआ म्हणतात. नागपूरकडून आलेल्या आमच्या मराठीत तो मोह. त्याचा वास गोड असतो आणि थोडा आंबूस. तो नाकात गेला की मला थकल्यासारखं होतं.

या वर्षी उपवासकाळ लागला आणि आमच्या तरुण पाळकांची बायको घरी आली. मराठी घरातलीच मुलगी, पण इथंच वाढलेली, त्यामुळे मराठी तिला समजते आणि बोलताना अर्ध्यावर हिंदी होते.

"जय मसीह की, आंटी," ती म्हणाली. "बुधवारच्या महिला सभेत या वेळी तुम्ही बोला ना. विषय आहे मोह. मतलब, तो ओळखायचा कसा, उससे बचना कैसे है."

"मी काय बोलणार गं? मी गणिताची मास्तरीण."

"तुम्हीच बोला, आंटी. तुमचं सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत आहे. हे तिनं आदरानं म्हटलं होतं. मी हो म्हटलं आणि तिला चहा दिला. ती गेल्यावर कपबशी विसळताना माझ्या लक्षात आलं की आता तो एक उन्हाळा पुन्हा घरात येऊन बसणार, आणि सभा होईपर्यंत हलणार नाही.

लहानपणी रविवारच्या शाळेत आम्हाला मोहाची चित्रं दाखवत. एक साप असायचा, एक झाड असायचं, चकाकणारं फळ असायचं. मोठे झालो तसं चित्र थोडं बदललं, दारूची बाटली आली, पत्ते आले. मोह म्हणजे ज्याला हात लावायचा नाही अशी एखादी वस्तू, एवढंच डोक्यात बसलं. उपवासकाळात आमच्या घरी म्हणूनच प्रत्येक जण काहीतरी सोडायचा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चहातली साखर सोडायच्या. अशोक, माझा नवरा, मटण सोडायचा आणि ईस्टर यायच्या आधीच खाटकाला सांगून ठेवायचा. नोएल, माझा धाकटा दीर, सिगरेट सोडायचा आणि घरातल्या प्रत्येकावर चिडायचा. मी गोड सोडायची. वर्गात एखाद्या मुलीनं वाढदिवसाची बर्फी पुढं केली की मी नको म्हणायची आणि दिवसभर मनातल्या मनात स्वतःवर खूश असायची. मोह टाळणं म्हणजे एवढंच आहे, असं वाटण्याचे ते दिवस. त्या दिवसांचा आता राग येत नाही. मात्र ते कुणी दुसऱ्याच बाईचे दिवस असावेत असं वाटतं.

अशोक गेला तो हिवाळ्यात. जबलपूरजवळच्या पाटनला एका ओळखीच्या घरी बारसं होतं, तिथून दुपारी आम्ही स्कूटरवर परत येत होतो. मी मागे बसले होते. रस्ता रिकामा होता, दोन्ही बाजूंना हिरवी शेतं. मागून रेतीचा डंपर आला आणि आम्हाला घासून गेला. मी कडेच्या चिखलात पडले, अशोक डांबरावर. मान वर केली तेव्हा डंपर पुढच्या वळणावर उजवीकडं वळत होता. मला त्याची बाजू दिसली, ड्रायव्हरची खिडकी दिसली, आणि खिडकीवर टेकलेलं एक कोपर. बाही लाल होती. ते कोपर आत गेलं आणि डंपर वळणापलीकडं दिसेनासा झाला. अशोकनं त्यानंतर डोळे उघडले नाहीत.

डंपर त्याच दिवशी सापडला. ड्रायव्हर काही दिवसांनी सापडला. तो म्हणाला, मी त्या वेळी गाडीवर नव्हतोच, ढाब्यावर झोपलो होतो, गाडी दुसऱ्यानंच नेली. दुसरा कोण, ते त्याला सांगता आलं नाही. ज्यांनी ज्यांनी त्याला गाडी चालवताना पाहिलं असं पहिल्या आठवड्यात छातीठोकपणे सांगितलं, ते एकेक करून मागं सरकले. कुणाला आठवेना, कुणी गाव सोडून गेलं. पोलिसांनी माझा जबाब घेतला तेव्हा मी दवाखान्यात होते. त्यात चेहऱ्याचा उल्लेखच नव्हता. दिसला असंही नाही, दिसला नाही असंही नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तारखांवर तारखा पडत गेल्या. माझी साक्ष आली ती अशीच उपवासकाळात, परीक्षांच्या दिवसांत. आणि तोवर सगळा खटला माझ्या एका वाक्यावर येऊन टेकला होता.

आमचे वकील भले गृहस्थ होते. त्यांनी मला कधी खोटं बोला असं म्हटलं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी मला लाकडी बाकावर बसवलं, स्वतः उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "देखिए दीदी, आपने खिड़की देखी, बाँह देखी. तो चेहरा भी दिखा ही होगा. सदमे में आदमी भूल जाता है. आप बस शांति से याद कीजिए."

शांतपणे आठवा. एवढंच सांगणं होतं त्यांचं.

नोएल तोवर वेगळा राहायला लागला होता; त्यानं मोबाईलवर त्या ड्रायव्हरचा फोटो मिळवला होता. तो त्यानं जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला. तो वाईट माणूस नाही, हे मला इथं सांगायलाच हवं. अशोकनं त्याला सायकल शिकवली होती, त्याची फी भरायला रांगेत उभा राहिला होता, आणि पोलीस ठाण्यातून परत मिळालेली स्कूटर नोएलनंच एकट्यानं अंगणात बसून धुतली होती. त्या वेळी त्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं.

"वहिनी, हाच होता," तो म्हणाला. "साऱ्या पाटनला माहीत आहे. तुम्ही काही खोटं सांगून नाही राहिल्या. जे झालं तेच सांगायचं आहे."

"पण मी पाहिला नाही, नोएल."

"तुम्ही पाहिलं. तुम्हाला आठवून नाही राहिलं, एवढंच."

मी फोटो पाहिला. सपाट गाल, बारीक मिशी, भुवईपाशी जुनी खूण. मी मोबाईल उलटा ठेवला. पण उशीर झाला होता, चेहरा डोळ्यांत शिरला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात पहारा देताना मला ते वळण आठवलं, आणि खिडकीत लाल बाहीच्या वर एक चेहरा होता. अंधुक. तिसऱ्या दिवशी त्याला मिशी आली. आठवडा संपेतो भुवईवरची खूणसुद्धा मला स्पष्ट दिसायला लागली, इतकी स्पष्ट की चालत्या गाडीत एवढ्या लांबून ती दिसणं शक्य तरी आहे का, हा प्रश्न मला पडेना.

मोहाबद्दल मला जे काही कळलं ते त्या आठवड्यात कळलं. तो येऊन खोटं बोल असं म्हणत नाही. म्हणाला असता तर मी त्याला ओळखलं असतं, आयुष्यभर रविवारच्या शाळेत बसले होते मी. तो म्हणतो, नीट आठव. तो म्हणतो, तुझा हक्क आहे. आणि तो परक्याच्या आवाजात बोलत नाही. तुमच्या ताटात भाजी वाढणाऱ्या माणसाच्या आवाजात बोलतो.

आई त्या दिवसांत फार थकल्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्यांची झोप गेली होती, पाय सुजायचे. मी पेपर तपासत बसले की त्या समोर येऊन बसायच्या आणि माझ्या लाल पेनाकडं बघत राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "सांगून दे ना बाई. एकदाचं संपव. मी मराच्या आधी त्याले आत गेलेला पाहू दे मले."

मी म्हटलं, "आई, मी चेहरा पाहिला नाही."

"तू पाहिला नाही, पण होता तर तोच ना?"

बहुतेक तोच होता. आजही मला बहुतेक तोच होता असं वाटतं. वर्गात मी मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले होते की उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या दाखवल्या नाहीत तर गुण मिळणार नाहीत. मागच्या बाकावरची एखादी म्हणायची, "मॅडम, उत्तर तो सही है ना?" मी म्हणायची, कुठून आलं ते दाखव. आता मीच मागच्या बाकावर बसले होते. उत्तर सगळ्या घराला, सगळ्या गावाला ठाऊक होतं. मधली पायरी तेवढी नव्हती, आणि ती मी मनानं लिहावी असं माझ्यावर प्रेम करणारी सगळी माणसं म्हणत होती.

प्रभूची रानातली गोष्ट, चाळीस दिवसांच्या उपासाची आणि सैतानानं घातलेल्या मोहाची, दर वर्षी याच दिवसांत वाचली जाते. ती मी इतक्यांदा ऐकली होती की ऐकू येईनाशी झाली होती. त्या वर्षी चर्चमध्ये बाकावर बसल्या बसल्या ती मला पहिल्यांदा ऐकू आली. सैतान सुरुवातीला आला नाही. तो थांबला. अंगातलं बळ संपून भूक लागेपर्यंत थांबला, आणि मग आला. आणि सांगितलं काय, तर दगडांची भाकर कर. भाकरीत वाईट काय आहे? भुकेल्यानं भाकर खाऊ नये असं कोणता देव म्हणेल? मला तर न्यायाची भूक होती, आणि न्याय ही भाकरीपेक्षाही चांगली गोष्ट. मी तिथं बसून रडले. शेजारच्या बाईला वाटलं अशोकची आठवण आली. तिनं माझा हात धरला. मी धरू दिला.

आमच्या प्रार्थनेत मोह असा शब्द नाही, परीक्षा असा आहे. परीक्षेत आम्हाला आणू नको, असंच आम्ही मागतो. आयुष्यभर मुलींच्या परीक्षा घेतल्या आणि दर रविवारी ही प्रार्थना म्हटली, पण दोन्हीकडं शब्द एकच आहे हे कधी जाणवलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी ती प्रार्थना त्या वाक्यापाशी आली की थांबायची. परीक्षेत तर मी बसलेच होते. आता आणू नको म्हणून काय उपयोग.

तेव्हाचे आमचे पाळक म्हातारे होते, गुडघ्यांनी अधू. घरी प्रार्थनेला आले होते. निघताना मी त्यांना दारापाशी थांबवलं आणि विचारलं, "साहेब, मी तो होता असं सांगितलं तर देव क्षमा करील का?"

ते बराच वेळ चप्पल घालत राहिले. मग म्हणाले, "करील. त्याची क्षमा आपल्याला कळते त्यापेक्षा मोठी आहे."

"मग सांगू?"

"शीलाबाई, तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी प्रार्थना करतो."

मला त्यांचा फार राग आला. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला भांडायला कुणी मिळालं असतं. हो म्हटलं असतं तर माझं ओझं त्यांच्या खांद्यावर गेलं असतं. त्यांनी ते घेतलं नाही. काठी टेकत फाटकाबाहेर गेले आणि मी दार लावलं. आता वाटतं, त्या सगळ्या आठवड्यांत माझ्याशी नेमकं खरं बोललेला तेवढा एकच माणूस होता.

साक्षीच्या दिवशी सकाळी मी शाळेत जाऊन पेपरांचा गठ्ठा दिला आणि तिथूनच कोर्टात गेले. व्हरांड्यात गर्दी होती, पंखे नुसते कुरकुरत होते. तो ड्रायव्हर भिंतीला पाठ लावून उभा होता. गळ्यात गमछा, आणि काहीतरी चघळत होता. मला त्याचा संताप आला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं लोकांनी असं समजून घेतलं की मला त्याची दया आली. तसं काही झालं नाही. त्याचं जबड्याचं ते हलणं मला सहन होत नव्हतं. त्या क्षणी मला त्याला तुरुंगात पाहायचं होतं, आणि ते माझ्या हातात होतं.

मला आत बोलावलं. शपथ झाली. वकिलांनी क्रमानं विचारलं, मी क्रमानं सांगितलं. कुठून निघालो, रस्ता कसा होता, गाडी कशी आली. मग ते म्हणाले, "गाड़ी कौन चला रहा था, आपने देखा? क्या वो आदमी आज यहाँ मौजूद है?"

मी त्याच्याकडं पाहिलं. आणि लगेच ते वळण माझ्यापुढं आलं. बाजू, खिडकी, लाल बाही, आणि बाहीच्या वर तो चेहरा, खुणेसकट. सगळं जागच्या जागी. मला फक्त मान हलवायची होती. मागं नोएल बसला होता, त्याचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता असं वाटतं.

मी काही देवाचा आवाज ऐकला नाही. कुठलं वचन आठवलं नाही. मी एवढंच केलं की त्या वळणावर पुन्हा एकदा, सावकाश, चिखलात पडले. तोंडात माती आली. मान वर केली. आणि खिडकीकडं बघायच्या आधी, आत्तापर्यंत कधीच बघितलं नव्हतं असं, अशोककडं बघितलं. तो डांबरावर होता. तेवढेच क्षण माझ्याजवळ उरले होते, ज्यात तो होता आणि मी होते. त्यात मी तो मिशीवाला चेहरा आणून बसवला तर तो तिथून कधी जाणार नाही. मी मरेपर्यंत जेव्हा जेव्हा माझ्या नवऱ्याकडं बघेन तेव्हा तो वरून बघत असेल. आणि त्याला तिथं मीच आणलेलं असेल.

"बताइए," न्यायाधीश म्हणाले. "सोचकर बताइए."

"चेहरा नहीं देखा," मी म्हणाले. "कोहनी देखी थी. लाल कमीज़ थी. चेहरा नहीं देखा."

वकिलांनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. मी तेच सांगितलं. त्यांनी कागद खाली ठेवले आणि बसले.

बाहेर आले तेव्हा नोएल मोटारसायकलपाशी पोहोचला होता. मी जवळ गेले. तो म्हणाला, "दादानं तुमच्यासाठी काय नाही केलं, वहिनी?" आणि मी बसायच्या आत गाडी काढून निघून गेला.

मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर काहीतरी होईल. छातीवरचा दगड उतरेल, थोडा तरी उजेड पडेल. त्या रानातल्या गोष्टीच्या शेवटी देवदूत येऊन प्रभूची सेवा करतात. मला शेअर ऑटो मिळाली. सराफ्याच्या तोंडाशी ती गर्दीत अडकली, पुढं एक हातगाडी उलटली होती. दुकानांतून उजळलेले हार दिसत होते, बायका हसत पायऱ्या चढत होत्या. ऊन माझ्या मांडीवर पडलं होतं आणि मला सरकायलाही जागा नव्हती. मी इतकी थकले होते की रडूही आलं नाही. एकच विचार होता, घरी जाऊन आईंना कसं सांगायचं.

सांगावं लागलं नाही. नोएलनं फोन केला होता. आई देवघराच्या, म्हणजे आमच्याकडं भिंतीवर क्रूस आहे त्या कोपऱ्याच्या, बाजूला तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं थांबलं. मी ताट वाढायची, त्या जेवायच्या. औषध हातावर ठेवलं की घ्यायच्या. मी शाळेतून आले की त्या आतल्या खोलीत जायच्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही दोघी शेजारी बसायचो आणि वेगवेगळं पुटपुटायचो.

पावसाळा सरल्यावर निकाल लागला. पुरावा पुरेसा नव्हता, तो सुटला. वकिलांनी फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाले, "आपको दोष नहीं देता, दीदी." म्हणजे दोष देण्यासारखं काहीतरी होतं. नोएल पुढं कित्येक वर्षं आमच्या दारात आला नाही. आई गेल्या तेव्हा आला, त्यांना खांदा दिला, आणि तेव्हापासून कामापुरतं बोलतो. वहिनी म्हणत नाही. त्याची चूक आहे असं मला वाटत नाही. त्याला एक भाऊ होता, आणि त्या भावासाठी त्याला काहीतरी करायचं होतं, ते माझ्या एका वाक्यानं झालं नाही.

आणि तो चेहरा गेला असं समजू नका. तो अजून येतो. याच दिवसांत, मोहाची फुलं पडायला लागली की येतो. भाजी निवडताना, दळण घेऊन येताना मधेच ते वळण येतं, आणि खिडकीत तो असतो. मी थांबते आणि तो काढून टाकते. खिडकी रिकामी करते. लाल बाही ठेवते, कोपर ठेवते. हे काम दर वर्षी करावं लागतं, आणि वय वाढतं तसं जास्त थकवतं. लोकांना वाटतं मोहाला एकदा नाही म्हटलं की झालं, शिक्का बसला. शिक्का वगैरे काही बसत नाही. घरात रोज धूळ येते तसा तो येतो, आणि झाडू तुमच्याच हातात असतो.

बुधवारी सभेत मी एवढंच सांगितलं. पांढरे केस, गुडघे चोळणाऱ्या बायका, मागं दोन-तीन तरुण मुली. पंखा जोरात होता म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. सांगून झालं तेव्हा मागच्या एका मुलीनं विचारलं, "आंटी, फिर आपको शांति मिली?"

मी खोटं बोलू शकले असते. सभा तशीच होती, वेळही तशीच होती, पाळकांच्या बायकोला बरंही वाटलं असतं.

"नाही गं," मी म्हटलं. "झोप मिळते. रोज नाही, पण मिळते."

तिनं मान डोलावली. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि मी घरी आले.

एक गोष्ट मात्र मी सभेत सांगितली नाही. ती त्याच उपवासकाळाच्या शेवटची, ईस्टरच्या आदल्या शनिवारची. दुपार होती. मी खालच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. आई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. साक्षीच्या दिवसापासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. सूप हलवता हलवता, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "शीला, खरंच नव्हता दिसला तो?"

"नव्हता, आई."

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. मला वाटलं, झालं बोलणं.

"मग काय दिसलं होतं तुले? सारं सांग."

मी सगळं सांगितलं. चिखल, डंपरची बाजू, खिडकी, कोपर. कोर्टात सांगितलं तेवढंच, त्याच क्रमानं. त्या ऐकत राहिल्या.

"आन् तो? काही बोलला होता का तो? शेवटचं?"

हे मला कोर्टात कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं नव्हतं, नोएलनंही नाही. डंपर यायच्या थोडं आधी तो बोलत होता, मान मागं वळवून, वाऱ्यात शब्द तुटत होते. मी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"यांनी सांगू नको म्हटलं होतं, आई."

"काहून?"

"आम्ही बारशाला जेवलो होतो. पोट भरून. हे म्हणाले, आईनं पातोडीचा रस्सा करून ठेवला असेल. आपण जेवून आलो ते तिला सांगू नको, तिला वाईट वाटेल. मी घरी गेल्यावर पुन्हा जेवीन."

आईंचे हात सुपावर थांबले. त्या दिवशी त्यांनी बेसनाची पातोडी केलीच होती. आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा ती चुलीवर झाकलेली राहिली, आणि दुसऱ्या दिवशी कुणी शेजारणीनं भांडं घासून ठेवलं.

"तिथं काय होतं जेवाले?" त्यांनी विचारलं.

"पुरी होती. बटाट्याची भाजी, भात, खीर."

"खीर घेतली होती त्यानं?"

"घेतली. परत मागून घेतली."

"आन् त्याच्यावर पातोडी खाणार होता."

"हो."

आई माझ्याकडं बघत राहिल्या. कितीतरी दिवसांनी त्या सरळ माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी मान हलवली, सूप पुन्हा मांडीवर ओढलं, आणि खाली बघून तांदूळ निवडायला लागल्या. हे खरं का, असं त्यांनी मला विचारलं नाही.